मातृत्व, कायदा आणि स्त्रीची संमती

(वाघोली येथे भरलेल्या आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान. कार्यकारी मंडळाच्या इच्छेवरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च, तरुणांचे उद्योगधंदे अशा विषयांवर विद्वान् वक्त्यांची भाषणे होत आली आहेत. या वर्षी मंडळाने ‘कुटुंब आणि कायदा’ असा विस्तृत विषय आम्हांस दिला आणि त्यातील कोणता भाग घ्यावा हे आमच्यावर सोपविले. आम्ही जो भाग निवडला आहे तो ऐकून कित्येकांच्या भुवया उंचावतील. तो भाग म्हणजे गर्भपाताचा कायदा आणि आपल्या देहाविषयी निर्णय घेण्याचा स्त्रीचा अधिकार. हा विषय प्रत्येक घरात आहे, परंतु त्याचा उच्चार कोणत्याही घरात होत नाही. मुले सभामंडपात आहेत, मग हे बोलावे काय, अशी शंका एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस सकाळीच बोलून दाखविली. आमचे उत्तर असे, की जे बोलण्यास आपण लाजतो, तेच आपल्या लेकीसुनांना एकटीने सोसावे लागते. म्हणून बोलणे प्राप्त आहे.

आमचा व्यवसाय वकिलीचा. वैद्यकाचे ज्ञान आम्हांस नाही आणि धर्मशास्त्राचा अधिकारही नाही. तथापि हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारण झाला, तो प्रथम सांगतो.

आपल्याच ज्ञातीतील एक भगिनी. तिचे नाव आम्ही सांगणार नाही आणि कोणी तर्कही करू नये. पदरी दोन मुले. पती मालमोटारीवर चालक, महिन्यातील वीस दिवस परराज्यांत. पाळणा थांबविण्याचे साधन वापरीत असूनही तिला दिवस गेले. घरची ओढाताण, थोरलीच्या शाळेचा खर्च आणि दुसऱ्या बाळंतपणात झालेले हाल, हे सर्व मनाशी तोलून तिने निर्णय केला. आठव्या आठवड्यात ती एकटी एका रुग्णालयात गेली. तेथे तिला सांगण्यात आले, “नवऱ्याची सही आणा, मग पाहू.” पती बारा दिवस येणार नव्हता. सासूबाईंनी “तो आल्यावर बघू” म्हणून विषय मिटविला. दिवस सरत गेले. अखेरीस कोणा ओळखीच्या बाईने औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून गोळ्या आणून दिल्या. त्या गोळ्या घेण्याची मुदत तोवर उलटून गेली होती, हे सांगणारे कोणी नव्हते. तीन दिवस रक्तस्राव होत राहिला. ती घडी करून जुने लुगडे घेई आणि चुलीपाशी उभी राही. चौथ्या दिवशी तिला घेरी आली, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने आमच्या घरी निरोप आणला.

रक्त चढवावे लागले, पण ती वाचली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या उशाशी बसलो असता ती हळूच म्हणाली, “काकू, माझी एकटीची सही चालली नसती का?”

आम्ही म्हणालो, “चालली असती. तुझीच लागते. दुसऱ्या कोणाची लागतच नाही.”

“मग मला कोणी सांगितलं का नाही?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे आम्ही कायदा वाचला, न्यायालयात सांगितला. पण चार घरे पलीकडे राहणाऱ्या या मुलीला तो सांगितला नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

बंधुभगिनींनो, ज्या कायद्याची एवढी भीती समाजात मुरली आहे, त्याचा इतिहास थोडक्यात पाहू. १८६० साली इंग्रज सरकारने भारतीय दंडसंहिता केली. तिच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात करविणे हा गुन्हा ठरला. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात तेवढा वगळला होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झालेली असल्यास सात वर्षांपर्यंत. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जी स्त्री स्वतः आपला गर्भ पाडील तीही याच कलमाखाली गुन्हेगार. म्हणजे ज्या देहावर संकट आले त्याच देहाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सोय झाली.

या कायद्याच्या छायेत आपल्या पुण्यात काय घडत होते, ते महात्मा जोतीराव फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी लिहिलेल्या एका टिपणात नमूद करून ठेवले आहे. मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी जे निबंध प्रसिद्ध केले होते, त्यांवरील अभिप्राय म्हणून ते टिपण लिहिलेले आहे. जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. स्वभावाने सालस, चांगल्या घरची. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला फशी पाडले. दिवस राहिल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने नाना विषारी औषधे घेतली, परंतु गुण आला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला, आणि अब्रूच्या धाकाने तिने त्याला मारून मागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला धरले. पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला होऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवावर कोणता खटला झाला असे त्या टिपणात कोठेही आढळत नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी केवळ हळहळ व्यक्त केली नाही. १८६३ साली त्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल ठेवावे की न्यावे हे त्यांच्या खुषीवर राहील, अशा आशयाच्या जाहिराती शहरात भिंतींवर लावल्या. ‘तुमच्या खुषीवर’ ही भाषा त्या काळी स्त्रीशी कोण बोलत होते? त्याच टिपणात जोतीराव आकडा देतात. तोवर ३५ गरोदर विधवा त्या घरी येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली आणि ३० दगावली. दगावण्याचे कारणही ते सांगतात: गर्भ लपविण्यासाठी मातांनी आधी घेतलेली विषारी औषधे. श्रोतेहो, या ३० च्या आकड्यावर क्षणभर मन स्थिर करावे. कायद्याची बंदी होती, समाजाचा धाक होता, धर्माचा निषेध होता. तरीही औषधे घेतली गेलीच. बंदीने गर्भपात थांबला नाही, तो फक्त अंधारात गेला आणि विषारी झाला.

१८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला याच तऱ्हेच्या अपराधासाठी फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे ती कमी झाली. परंतु त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. दोघांच्या कृतीचे शासन एकटीलाच का, हा त्यांच्या रागाचा गाभा होता. त्या प्रश्नाला आज एकशे चाळीस वर्षे होऊन गेली आहेत आणि तो अजून शिळा झालेला नाही.

विसाव्या शतकात हा विचार रघुनाथ धोंडो कर्वे यांनी पुढे नेला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२५ साली त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले, आणि त्यापायी न्यायालयाच्या पायऱ्या चढले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराविषयीचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मांडण्यात आला. तो संमत झाला नाही, पण बाळंतपणाचा भार जिच्यावर पडतो तिच्या बाजूने बोलणारा आवाज सभागृहात उमटला. आपल्या महाराष्ट्राची ही परंपरा आहे. आज ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ’ असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या गंज पेठेचा आणि मुंबईच्या गिरगावाचा इतिहास वाचावा.

स्वातंत्र्यानंतर १९६४ साली केंद्र सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीने १९६६ साली अहवाल दिला आणि त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. तो १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७३ मध्ये जो अधिकार तेथील स्त्रियांना दिला, त्याच्या आधीच आपल्या संसदेने कायदा केला होता, आणि अमेरिकेतील तो निर्णय तेथील न्यायालयानेच २४ जून २०२२ रोजी फिरविला, हेही येथे सांगितले पाहिजे. मिळालेला अधिकार जाऊही शकतो.

आता कायदा आज काय सांगतो ते सोप्या शब्दांत सांगतो. भगिनींनी हे लक्षपूर्वक ऐकावे आणि बंधूंनी त्याहून लक्षपूर्वक ऐकावे.

२०२१ साली या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही मुभा नियमांत सांगितलेल्या स्त्रियांपुरती आहे: अत्याचारास बळी पडलेल्या, अल्पवयीन, गरोदरपणात वैधव्य अथवा घटस्फोट आलेल्या, अपंग, आणि असे आणखी काही वर्ग. २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. स्त्रीचा जीव तातडीने वाचवावयाचा असेल तर मुदतीचे बंधन नाही. संततिनियमनाचे साधन निकामी झाले हे कारण जुन्या कायद्यात केवळ विवाहित स्त्रीपुरते होते. दुरुस्तीने ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने २४ आठवड्यांच्या मुदतीसाठी विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही असा निर्णय दिला.

आणि संमती? अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, मनाने स्वस्थ अशा स्त्रीच्या बाबतीत कायद्याला एकच संमती हवी असते. ती तिची स्वतःची. पतीची नाही, सासऱ्याची नाही, वडिलांची नाही, ज्ञातीची तर नाहीच नाही. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची लेखी संमती लागते. डॉक्टरांनी तिचे नाव गुप्त ठेवले पाहिजे. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणाला ते सांगितल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कारागृहातील स्त्रियांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन जो निर्णय दिला, त्यात न्यायमूर्ती ताहिलरामानी आणि न्यायमूर्ती भाटकर यांनी हेच तत्त्व मांडले, की गर्भ स्त्रीच्या देहात वाढतो, त्याचे परिणाम तिच्या देहावर आणि मनावर होतात, म्हणून निर्णयही तिचाच. तुरुंगात असलेल्या स्त्रीचा देह जर तिचा आहे, तर आपल्या घरात असलेल्या स्त्रीचा कोणाचा?

कायदा निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. १८६० चे कलम गेले, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ८८ व्या कलमाच्या रूपाने ते राहिलेच आहे. म्हणजे गर्भपात हा मूळचा गुन्हा, आणि १९७१ चा कायदा ही त्यातून काढलेली वाट. ती वाटही डॉक्टरांच्या मतावर चालते, स्त्रीच्या हक्कावर नव्हे. २००८ साली मुंबईतील एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे मुदत उलटल्यावर कळले होते. न्यायालयाने अनुमती नाकारली. मुदत वाढविण्याची चर्चा देशभर सुरू झाली ती तेथून, आणि दुरुस्ती व्हावयास तेरा वर्षे लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांच्या गर्भवतीला, दोन मुलांच्या आईला, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराने ती ग्रासलेली असूनही, अनुमती दिली नाही. कायद्याला घड्याळ आहे. म्हणूनच ‘तो आल्यावर बघू’ म्हणून घालविलेला एक एक दिवस स्त्रीच्या वाटेतून वजा होत असतो.

येथे कोणी उठून म्हणेल, “वकीलबाई, गर्भपात मोकळा झाला म्हणूनच तर मुली मारल्या गेल्या.” हा आक्षेप हलका नाही, आणि त्याला उत्तर न देता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ राहिल्या. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे अवैध गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. आपल्या ज्ञातीचे हात या पापातून स्वच्छ आहेत असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? वधूवर मेळाव्यात मुलांच्या नोंदी किती आणि मुलींच्या किती, हे ज्या कार्यकर्त्यांनी वह्या भरल्या त्यांना विचारावे.

परंतु विचार करा. मुलगी नको म्हणून जिला रुग्णालयात नेले जाते, ती कोणाच्या इच्छेने जाते? गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या राज्याने १९८८ साली केला, मग केंद्राने १९९४ साली केला. केंद्राच्या कायद्याचे २४ वे कलम वाचण्यासारखे आहे. अशी परीक्षा झालेली असेल तर त्या स्त्रीवर तिच्या पतीने वा नातलगांनी बळजबरी केली असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ते कलम सांगते. विरुद्ध पुरावा येईपर्यंत हेच गृहीत. भारतीय संसदेला आपल्या घरांची एवढी अचूक ओळख आहे! तेव्हा हे दोन प्रश्न परस्परांविरुद्ध नाहीत. ज्या घरात सुनेला नको असलेले मूल वाढवावयास लावतात, त्याच घरात तिला हवी असलेली मुलगी पाडावयास लावतात. दोन्हीकडे देह तिचा आणि निर्णय दुसऱ्याचा. स्त्रीच्या संमतीवाचून केलेल्या गर्भपातास न्याय संहितेच्या ८९ व्या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तिची संमती खरीखुरी मानू लागलो तर दोन्ही अन्याय एकाच वेळी आवरतील. मुली वाचविण्याच्या नावाखाली प्रत्येक गर्भपाताला गुन्हा मानू लागलो, तर डॉक्टर धास्तावून वैध रुग्णाही परत पाठवितात, आणि त्या बायका चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या गोळ्यांकडे वळतात.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. गर्भ हाही जीव आहे, त्याची हत्या पाप आहे, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. ज्या भगिनीची ही श्रद्धा असेल तिच्यावर गर्भपाताची सक्ती कोणी करू नये. तिची संमती याही बाजूने अबाधित आहे. परंतु एकाच्या श्रद्धेसाठी दुसऱ्याच्या देहाचे तारण घेता येत नाही. आणि श्रद्धेचा कायदा केला की काय होते, याचे एक उदाहरण आपल्या सीमेवरच्या बेळगावच्या लेकीच्या वाट्यास आले.

सविता हलप्पनवार ही बेळगावची मुलगी. व्यवसायाने दंतवैद्य, लग्नानंतर आयर्लंडमध्ये गॅलवे येथे राहत होती. आयर्लंडने १९८३ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून गर्भाच्या आणि मातेच्या जीविताचा हक्क समान ठरविला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये, १७ आठवड्यांची गर्भवती असताना, सविताला रुग्णालयात न्यावे लागले. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. तिने गर्भपाताची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत, म्हणून ती नाकारण्यात आली. ठोके थांबेपर्यंत जंतुसंसर्ग तिच्या रक्तात भिनला होता. २८ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, ती गेली. मूलही गेले आणि आईही गेली. तिला मूल हवे होते, हे विसरू नये. बंदी ही ‘नको’ म्हणणाऱ्या स्त्रीलाच घातक असते असे नाही. ती ‘हवे’ म्हणणारीचाही जीव घेते. पुढे २५ मे २०१८ रोजी आयर्लंडच्या जनतेने मतदान करून ती दुरुस्ती रद्द केली. शेकडा ६६ हून अधिक मते रद्द करण्याच्या बाजूने पडली. त्या मतदानापूर्वी बेळगावहून सविताच्या आईवडिलांनी आयर्लंडच्या लोकांना आवाहन केले होते. आपली लेक गमावलेल्या मातापित्यांनी परक्यांच्या लेकींसाठी शब्द टाकला. आपण आपल्या लेकींसाठी टाकणार नाही काय?

आता शेवटी आपल्या संस्थेविषयी. ज्ञातिसंस्था ही दुधारी वस्तू आहे. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, अडीअडचणीला हात, हे तिचे एक रूप. वाळीत टाकणे हे दुसरे. आपल्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे, की फार वर्षांपूर्वी एका विधवेला दिवस गेले म्हणून तिच्या माहेरच्या घराचे पाणी आणि पंगत आपल्या लोकांनी बंद केली होती. ते घर पुढे गाव सोडून गेले. त्यांची आज चौथी पिढी असेल. आपल्या स्मरणिकेतील कुटुंबांच्या यादीत त्यांचे आडनाव नाही. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, त्याखाली असे कृत्य आज तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. परंतु पंगत न मोडता, केवळ कुजबुजीनेही एखादीला वाळीत टाकता येते. त्या बहिष्काराला कलम नाही. त्याला उपाय आपणच आहोत.

वाघोलीकडे पाहा. वाघेश्वराच्या देवळाभोवतीचे गाव, नगर रस्त्याच्या कडेच्या दगडखाणी आणि खडीच्या गिरण्या, असे हे ठिकाण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. ३० जून २०२१ रोजी ते पुणे महानगरपालिकेत आले आणि आज तेथे उंच इमारतींच्या रांगा आहेत. आपली शंभराहून अधिक कुटुंबे गावे सोडून या इमारतींत राहावयास आली. गावी सुईण होती, आत्या होती, शेजारची म्हातारी होती. त्यांचे ज्ञान अपुरे असेल, पण दार लोटून आत येणारे कोणी होते. नवव्या मजल्यावरच्या सुनेचे दार कोण लोटणार? ते काम संस्थेने करावे, एवढ्यासाठी तीन सूचना मांडतो.

पहिली: आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या अर्जावर ‘कुटुंबप्रमुखाची सही’ असा रकाना आहे. अठरा वर्षांवरील स्त्री स्वतःच्या उपचारासाठी अर्ज करील तेव्हा तो रकाना लागू नसावा. कायद्याला जी सही लागत नाही ती आपल्याला का लागावी?

दुसरी: महिला शाखेने दोन अनुभवी भगिनींची नेमणूक करावी. गरज पडेल त्या स्त्रीबरोबर त्यांनी सरकारी वा मान्यताप्राप्त रुग्णालयात जावे, तिचा अधिकार तेथे सांगावा, आणि परत आल्यावर त्याची नोंद कोठेही, अगदी आपल्या इतिवृत्तातही, ठेवू नये.

तिसरी: विवाहापूर्वी वधूवरांना आपण जे मार्गदर्शन करतो त्यात मुलांनाही हा कायदा सांगावा. संततिनियमनाचा सगळा भार बायकोवर टाकून, साधन निकामी झाले की सहीचा हक्क मात्र आपला, अशी समजूत घेऊन कोणी बोहल्यावर चढू नये.

या सूचनांवर मतभेद होतील. व्हावेत. जोतीरावांनी जाहिराती लावल्या तेव्हाही झाले होते. परंतु मतभेद मांडताना प्रत्येकाने त्या नऊ वर्षांच्या मुलीला डोळ्यांपुढे आणावे. ती आमच्या दारात उभी होती तेव्हा तिच्या हातात शाळेचे दप्तर तसेच होते. आणखी दहा वर्षांनी ती अठरा ओलांडील. तिच्यावर अशी वेळ आली, तर तिने चोरून गोळ्या मागवाव्यात, की ताठ मानेने आपली सही करावी, हे आज येथे बसलेल्या आपण सर्वांनी ठरवावयाचे आहे.

ती भगिनी आज बरी आहे. तिचा पती आमच्याकडे येऊन म्हणाला, “काकू, मला फोन केला असता तर मी हो म्हणालो असतो.” आम्ही त्याला सांगितले, “बाबा रे, तू हो म्हणाला असतास हे चांगलेच. पण प्रश्न तुझ्या ‘हो’चा नव्हताच.” तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग मान हलवून गेला. त्याला ते पटले असावे, अशी आमची आशा आहे.